आधी खुर्ची

“उभ्या माणसाला मरण सांगायचं नाही. आधी खुर्ची द्यायची, मगच तोंड उघडायचं,” कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी नव्या डॉक्टरला बजावलं. आज सकाळपासून त्यांनी स्वतः तिघांना असं बसवलं होतं. सांगून झालं, की हात धुवायचे आणि पुढचा पेशंट बघायचा. डोळ्यांत पाणी यायचं कधीच थांबलं होतं.

ड्यूटी संपवून त्या घरी आल्या. दिवसभर लॉकरमध्ये बंद पडलेला फोन चार्जिंगला लावता लावता त्यांनी विचारलं, “बाबा, आई कुठंय?”

बाबांनी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची पुढे ओढली. “तू आधी बस, बाळा.”

त्या बसल्या नाहीत. बाबांचे खांदे धरून त्यांनी त्यांनाच त्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं,

“किती वाजता?”