मासळीच्या गावचं

"त्याला सांग, ह्या घराची पायरी चढायची न्हाय!" सोमलिंग सर इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या फ्लॅटातला टीव्ही बंद झाला.

सिद्धेश्वरीबाईंनी फोन कानाशी दाबून धरला. पलीकडं एकुलता एक लेक अमरेश. तीन वर्षांनी जपानहून आला होता आणि त्याच्या गाडीनं आता माढा मागं टाकलं होतं.

"अप्पा नको म्हणत असतील तर मी स्टेशनावरूनच परत फिरतो, आई," तो म्हणाला.

सरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. जपानची मासेमारी तर तोंडपाठ. म्हणून काय पोरानं तिथंच जाऊन बसावं? टोकियोतली छान नोकरी सोडून पठ्ठ्या कुरोहामा नावाच्या खेड्यात राहिला. मागं डोंगर, पुढं समुद्र, भाताला मूठभर जमीन. एकदा लाटेनं सगळं गाव धुऊन नेलेलं, लोकांनी पुन्हा उभं केलेलं. आता तरणी माणसं शहरात गेली. उरलेल्या म्हाताऱ्यांनी अमरेशला एक रिकामं घर दिलं आणि कोळ्यांच्या सोसायटीचा कारभारही.

"लिंगायताचं पोर आणि मासळी तोलतंय! शिवा शिवा!"

"सगळी मासळीच असती व्हय तितं?" बाईंनी विचारलं.

"मग काय पिकतंय तितं, ज्वारी? मला भूगोल शिकवू नको!"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाईंनी फोन तसाच ओट्यावर ठेवला, फ्रिजमधून केशर घातलेल्या दुधाच्या वड्या काढल्या आणि सरांपुढं बशी ठेवली. "घ्या, डोकं थंड करा."

रागातही सरांनी दोन वड्या संपवल्या. "वड्या थिजवायला चायना ग्रास लई चांगलं मिळतंय हल्ली तुला. पहिल्यासारखं पाणी सुटत न्हाय."

"व्हय की. बोलवू का मग त्याला?"

झालं! सरांचा पारा पुन्हा चढला. त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "ह्या लिंगाची शपथ! त्या मासळीच्या गावचा एक कण जरी माझ्या पोटात गेला, तर मी स्वतः स्टेशनावर जाऊन त्याला घेऊन येईन. तोवर त्याचं नाव काढायचं न्हाय!"

"शपथ मोडणार न्हाय न्हवं?"

"सोमलिंग शपथ मोडंल?" म्हणत सरांनी तिसरी वडी तोंडात टाकली.

बाईंनी ती गिळू दिली. मग तीन वर्षं दाबून ठेवलेला राग त्यांच्या तोंडून बाहेर पडला. "माझ्या लेकराचं तोंड बघू दिलं न्हाय तुमी! चायना ग्रास गवत न्हाय, अन् चीनचं तर न्हायच न्हाय. समुद्रातलं शेवाळ हाय ते. कुरोहामाच्या बायका बुड्या मारून काढतात, अमरेश वाळवून पाठवतो. तीन उन्हाळे मिटक्या मारत खाताय. उठा, चप्पल घाला!"