सरांची दोन मतं

सुनावणी घेणाऱ्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी वर्तमानपत्रातली दोन कात्रणं टेबलावर शेजारी-शेजारी मांडली आणि चष्मा वर सरकवला. दोन्हींवर फोटो एकाच माणसाचा. प्राध्यापक नवनीत पाटील, समाजशास्त्राचे, शहाद्याचे.

पहिलं कात्रण कचेरीच्या फायलीतलं होतं. 'सात-आठ मुलांसाठी वेगळी शाळा चालवण्यात अर्थ नाही. ती मोठ्या शाळेत मिसळावी.' दुसरं केलीपाड्याच्या लोकांनी डोंगरावरून आणलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून. 'पाड्यावरची शाळा बंद करणं म्हणजे मुलींचं शिक्षणच बंद करणं.'

"सर, तुम्ही या विषयातले जाणकार. यातलं तुमचं मत कोणतं?"

साहेबांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच निकाल लिहायचा होता. केलीपाड्याची शाळा ठेवायची की नाही, ते आज तळोद्यात, याच खोलीत ठरणार होतं.

सरांनी दोन्ही कात्रणं जवळ ओढली. दोन्ही मतं चांगली होती. दोन्ही त्यांनी आज पहिल्यांदाच नीट वाचली होती.

त्याचं असं, की सरांना बोलायला वेळ नसायचा. वार्ताहर लोटन त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. एखादा विषय पेटला, की त्याचा फोन यायचाच. "सर, जानकारनी प्रतिक्रिया पाह्यजे. मी लिखी टाकू का?" उत्तरपत्रिकांवरून नजर न काढता सर म्हणायचे, "टाकी दे भो." आणि लोटन टाकायचा. मिरचीच्या भावावर, मोबाइलच्या नादावर, मुलींच्या लग्नाच्या वयावर, डोंगरातल्या स्थलांतरावर. बातमी ज्या बाजूची, त्या बाजूचे सर. सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. नाव झालं. सत्कारांच्या शालींनी एक अख्खं कपाट भरलं.

रंजिता पावरा सरांच्याच हाताखाली एम.ए. करत होती, आणि केलीपाडा तिचं गाव. सुनावणी लागली तेव्हा तिनंच घरोघर सांगितलं होतं, आमचे सर येतील, त्यांच्या शब्दाला वजन आहे. आता ती भिंतीलगतच्या बाकावर बसली होती, शाळा समितीच्या गुलाबसिंगबाबांना खेटून. ती एकटक सरांकडे बघत होती. दुसरं म्हणा सर, दुसरं.

म्हणायला काय जात होतं? कात्रणावर बोट ठेवायचं, बस. शाळाही वाचली असती आणि अब्रूही. पहिल्याचं खापर लोटनच्या माथ्यावर फोडलं की झालं. सरांनी बोट उचललंसुद्धा. पण मग साहेब पुढचं विचारणार. मोठी शाळा किती लांब, वाटेत ओढा आहे का, पोरी कुणासोबत जातात. आणि केलीपाडा डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे, हेही सरांना ठाऊक नव्हतं. त्यांना भीती वाटली. त्याहून जास्त लाज वाटली.

"दोन्ही माझी नाहीत, साहेब," ते म्हणाले. "दोन्ही वार्ताहरानं लिहिली, मी फोनवर नुसतं हो म्हटलं. केलीपाडा मी कधी पाहिलेला नाही."

रंजितानं मान खाली घातली. गुलाबसिंगबाबांनी पावरी बोलीत हळूच तिला काहीतरी विचारलं. सांगणार तरी काय होती बिचारी? गावाकडे होता नव्हता तो एकच कागद होता, आणि तो सरांनीच बाद केला होता.

साहेबांनी दोन्ही कात्रणं गोळा करून बाजूला ठेवली. ते चिडले नव्हते, थकले होते.

"मग माझ्याकडे राहिलं काय? निकाल मी कुणाच्या सांगण्यावरून लिहू?"

"रंजिताला विचारा. ती त्याच शाळेत शिकली आहे. तिच्या दोन धाकट्या बहिणी आजही तिथं जातात."

साहेबांनी बाकाकडे पाहिलं.

"ही मुलगी? हिचं नाव तर मी आजवर कुठल्याच पेपरात वाचलेलं नाही."

सर खुर्चीवरून उठले आणि ती खुर्ची त्यांनी रंजितासमोर सरकवली.

"म्हणूनच सांगतोय, साहेब. हिला विचारा."