जिगचा दुसरा भाग

"पुन्हा," डर्व्हला म्हणाली. "दुसऱ्या भागापासून."

सहाजणांनी पत्र्याच्या बासऱ्या ओठांना लावल्या. पाचजण वरच्या सुरांपर्यंत चढले आणि सुखरूप खाली उतरले. मॅलॅकी कॉन्सिडाइन वर चढला, अडकला, आणि काही झालंच नाही अशा थाटात पहिला भाग परत वाजवू लागला.

डर्व्हलाने डोळे मिटून घेतले. सप्टेंबरपासून दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये हेच चाललं होतं: एकच जिग, नाचाची जुनी आयरिश धून. आता मार्चमधला सेंट पॅट्रिकचा सणही होऊन गेला.

"मॅलॅकी, बासरी खाली ठेवा. नुसतं ऐका." तिने तो तुकडा सावकाश वाजवला. "आता गुणगुणून दाखवा."

मॅलॅकी गुणगुणला. एकही सूर चुकला नाही.

"छान. आता हेच वाजवा."

त्याने भलतंच काहीतरी वाजवलं.

"कानात आहे, मग बोटांत का येत नाही?"

"बोटं जाड आहेत गं," मॅलॅकी म्हणाला आणि दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले. जन्मभर गाईंचं दूध काढलेले पंजे. "ह्यांना सत्तराव्या वर्षी काय शिकवणार तू?"

"मी कागदावर लिहून देऊ का त्यांना?" उटेने विचारलं. ही जर्मन बाई मातीची भांडी करायची आणि सगळं कागदावर मागायची.

"कागद नाही. ही जिग आमच्याकडे कुणीच कागदावरून शिकलेलं नाही."

"मग निदान दुसरी धून तरी घेऊ या. मी ही झोपेत गुणगुणते. माझा नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला गेलाय."

सगळे हसले. हीटरजवळच्या खुर्चीवरून मॅलॅकीच्या बायकोने विणकाम बाजूला ठेवलं. फिलोमेना वाजवायची नाही. नवरा वर्ग बुडवेल म्हणून ती सोबत यायची आणि ओव्हरकोटाची गळ्यापर्यंतची बटणं लावून शेवटपर्यंत बसायची. जिगही तिनेच निवडली होती. तिच्या माहेरच्या गावची होती आणि त्यांच्या लग्नात तिच्या तालावर सगळा गोतावळा नाचला होता.

"अरे, किती दिवस बसवणार आहेस मला असं?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुला एकदा आली की मी सुटले."

"बस की. तुला कसली घाई आहे?"

"बघ," फिलोमेना डर्व्हलाला म्हणाली. "हा माणूस पहिल्यापासून असाच. लग्नाचं विचारायलासुद्धा चार वर्षं लावली."

चहाच्या वेळी तिने डर्व्हलाला कोपऱ्यात घेतलं. "तू फार गोड बोलतेस त्याच्याशी. जरा कडक हो. उन्हाळ्याच्या आत यायला हवी त्याला."

"लग्नाचा वाढदिवस आहे का?"

"तसंच काहीसं," फिलोमेना म्हणाली. तिने केकचा तुकडा तसाच रुमालात गुंडाळला.

डर्व्हला कडक झाली. तिने त्याला चार चार सुरांचे तुकडे करून दिले. त्याच्या शेजारी बसून स्वतः त्याची बोटं भोकांवर दाबली. पायाने ताल धरायला लावला. तो सगळं निमूटपणे करायचा, प्रत्येक तुकडा जमवायचा, आणि तुकडे जोडायची वेळ आली की त्याच जागी अडकायचा. घरी जाताना गाडीत तिला स्वतःचाच राग यायचा. तिच्या वडिलांनी अख्ख्या पंचक्रोशीला शिकवलं होतं, त्यात मॅलॅकीपेक्षा मठ्ठ माणसं असणारच.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी तिचा तोल सुटला.

"तुम्ही प्रयत्नच करत नाही, मॅलॅकी. ही पाच माणसं तुमच्यापायी अडकून पडली आहेत. तुम्हाला ही जिग यायलाच नको असेल तर तसं सांगा."

मॅलॅकीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्याने फिलोमेनाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नाही गं," तो म्हणाला. "करतो ना प्रयत्न."

पुढच्या मंगळवारी दोघं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. वर्गाने एका संध्याकाळीच पोल्का नाचाची नवी धून उचलली आणि उटे खूश झाली. डर्व्हलाला मात्र हीटरजवळची रिकामी खुर्ची खुपत राहिली. शनिवारी दुपारी ती कॉन्सिडाइनांच्या शेतावर गेली. माफी मागायची, आणि म्हाताऱ्याला वर्गातून सन्मानाने मोकळं करायचं, असं तिने ठरवलं होतं.

अंगणात एक अनोळखी पांढरी गाडी उभी होती. डर्व्हला घराचं दार वाजवणार, तोच गोठ्यातून बासरी ऐकू आली.

तीच जिग. पहिला भाग, मग दुसरा. वर चढून अलगद खाली उतरलेला, आणि चढताना एक अशी गिरकी, जी डर्व्हलाने वर्गात कधी शिकवलीच नव्हती. ती उभी राहून ऐकत राहिली. मग तिचं डोकं तापलं. तिने गोठ्याचं दार ढकललं.

मॅलॅकी उलट्या बादलीवर बसला होता. तिला पाहून त्याने बासरी ओठांवरून काढली.

"कधीपासून येते तुम्हाला?"

"ऑक्टोबरपासून."

"ऑक्टोबर? आणि मी सगळा हिवाळा तुमची बोटं धरून बसले? माझी थट्टा करत होतात? सगळ्यांदेखत मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, तेव्हाही तुम्ही..."

मॅलॅकी उठला. तिला ओलांडून दारापाशी गेला आणि त्याने ते घट्ट लावून घेतलं.

"हळू बोल. नर्सने आत्ताच वर फिलोमेनाची खिडकी उघडलीय," तो म्हणाला. "डॉक्टरांनी नाताळपर्यंतचीच मुदत दिली होती. तिला ही जिग तिच्या कबरीपाशी माझ्याकडून वाजवून हवीय, आणि तिने मला बजावून सांगितलंय, मला जिग येईपर्यंत ती कुठेही जाणार नाही."