चंद्रावरची रांग

"साहेब, तुम्ही माझ्या सिनेमात माणूस घुसवलात. मला न विचारता."

मध्यंतर झालं होतं. चंदीगडच्या मराठी मंडळाच्या हॉलमागे एक छोटी खोली आहे, तिथे चौऱ्याऐंशी वर्षांचे बाळकृष्ण उभे होते आणि साहेब बसून समोसा खात होते. जुने सिनेमे दुरुस्त करून पुन्हा दाखवणाऱ्या कुठल्याशा कार्यालयाचे हे मोठे अधिकारी, खास दिल्लीहून आलेले. त्यांच्यासमोर टेबलावर संमतिपत्र होतं. बाळकृष्णांनी त्यावर सही केली की आज दाखवत असलेला हा नवा सिनेमा देशभर जाणार होता, आणि जुना कायमचा कपाटात.

साहेबांनी बोटांची चटणी पुसली, मग हसले.

"घुसवला काय म्हणता, बाळकृष्णजी? ट्रिब्यूट आहे तो! बाळू-गजू म्हटलं की लोकांना दोघं लागतात. गजाननराव जाऊन अकरा वर्षं झाली, आम्ही त्यांना कॉम्प्युटरवर परत उभं केलं. चेहरा, आवाज, सगळं. हॉल कसा हसत होता, ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. तेच तर खुपत होतं.

बाळू-गजूंनी जोडीने सत्तेचाळीस सिनेमे केले. गजूने टपली मारायची, बाळूने खायची आणि लोकांनी शिट्ट्या वाजवायच्या. बाळूचा एकट्याचा असा सिनेमा एकच. त्यात तो कारकून असतो आणि पत्र्याच्या रॉकेटमधून चुकून चंद्रावर जाऊन पडतो. तिथे चिटपाखरू नाही. पण एका खडकाला खिडकीसारखं भोक दिसतं, आणि हा सवयीने त्याच्यासमोर रांगेत उभा राहतो. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. तो घड्याळ बघतो. टाचा उंचावून पुढे बघतो, रांग हलते का. पुढच्याच्या पायावर पाय पडू नये म्हणून अर्धं पाऊल मागे घेतो. साडेचार मिनिटं चालतं हे, तोंडातून एक शब्द नाही. त्या साडेचार मिनिटांसाठी बाळकृष्णांनी अख्खा उन्हाळा आरशासमोर काढला होता.

आज त्या रांगेत पुढे गजू उभा होता. वळून वळून डोळा मारत होता आणि दर अर्ध्या मिनिटाला टपली हाणत होता.

"अहो, दोन माणसं उभी राहिली की ती खरीच रांग झाली!" बाळकृष्ण म्हणाले. "तशा इथे सेक्टर चौतिसात कोचिंग क्लासच्या दारात रोज लागतात. त्यात हसायचं काय? पुढे कुणी नाही आणि तरी हा बावळट उभा आहे, ते हसू होतं. ती रिकामी जागा मी कमावली होती. तीच नेमकी तुम्ही बुजवलीत."

दारात मंडळाचे सेक्रेटरी श्रीराम घुटमळत होते. मूळचे नागपूरचे, तीन वर्षांपूर्वी बदलीवर इथे आलेले. त्यांच्या हातात शाल होती.

"जाऊ द्या ना, काका. लोक खूश आहेत नं. एक सही मारून द्या, मग सत्कार उरकून टाकू."

"तुम्ही हसलात, श्रीराम?"

"हसलो तर! पोट धरून."

"कशाला हसलात?"

श्रीराम विचारात पडले. "गजू दिसला म्हणून," ते म्हणाले आणि शालीची घडी पुन्हा घालू लागले.

खुर्चीत बाळकृष्णांची नात रेवा बसली होती. मोहालीत जन्मली, तिथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. बाळू-गजू तिने आज पहिल्यांदा पाहिले होते.

"आजोबा, वो अंकल बार-बार बीच में क्यों आ रहे थे? आपको कुछ करने ही नहीं दे रहे थे यार."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी संमतिपत्र दोन बोटांनी पुढे सरकवलं.

"हे बघा, सगळं कायद्याने झालंय. निर्मात्याच्या वारसांनी हक्क दिले. गजाननरावांच्या मुलाने लेखी परवानगी दिली. तुमच्या एका सहीसाठी फाईल अडलीय. उगाच हट्ट करू नका."

"मुलाने?" बाळकृष्णांचा आवाज इतका चढला, की बाहेर चहा पिणारे गप्प झाले. "मुलगा तेव्हा पाळण्यात होता! सिनेमा आम्हा दोघांकडे आला होता, साहेब. गजू माझ्या घरी आला, उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, 'बाळ्या, यात मी नाही. मी शेजारी असलो की तुझं सगळं लक्ष माझ्या हाताकडे, टपली कधी येते म्हणून. हा एक तू एकटा कर.' निर्माता त्याच्या हातापाया पडला. तो ऐकेना. शूटिंगच्या पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो, म्हणून स्टुडिओच्या फाटकापर्यंत सोबत आला. दिवसभर बाहेर बाकड्यावर बसून राहिला, पण आत पाऊल टाकलं नाही."

हॉलमध्ये मध्यंतर संपल्याची घंटा वाजली.

"भावना समजतात, पण..." साहेब म्हणाले आणि खिशातलं पेन काढून कागदावर ठेवलं.

बाळकृष्णांनी पेनाकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात टेबलावर टेकून ते साहेबांच्या तोंडासमोर वाकले.

"मला तो नाही म्हणाला होता. तुम्हाला हो कधी म्हणाला? तारीख सांगा."