राइमर्ससाहेबांची कबुली

राइमर्ससाहेबांनी दोनदा सांगूनही पद्माकर बसला नाही. शेवटी त्याच्या मुलीने, क्षितिजाने, मागून खुर्ची सरकवली तेव्हा तो कसाबसा टेकला.

जर्मनीतल्या क्रोनबर्गच्या त्या वृद्धाश्रमातून साहेबांची चिठ्ठी येऊन महिना झाला होता. 'एकदा भेटून जा,' एवढंच मराठीत लिहिलेलं. एश्बॉर्नमधल्या लेकीच्या घरून जेमतेम तीन-चार स्टेशनं, पण पद्माकर जायचं नाव काढत नव्हता. क्षितिजाच हट्टाने घेऊन आली. "त्या माणसाला तुमच्यासमोर बसून बोलू दे, बाबा," ती म्हणाली होती.

साहेब मूळचे ब्रेमेनचे. तिशीत मुंबईला आले, माझगावात यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यापार मांडला, पुढे किनाऱ्याने माल नेणारी तीन जहाजं घेतली. खलाशांशी बोलून बोलून मराठी शिकले. पद्माकर त्यांच्या जहाजांची यंत्रं तपासायचा. त्याचा धाकटा भाऊ रामदास त्यातल्याच एका जहाजावर होता. एका जूनमध्ये ते जहाज गुजरातच्या किनाऱ्याजवळ बुडालं. नऊ जण होते, एकही परतला नाही. चौकशीत सगळा ठपका मालकावर आला. साहेबांनी सव्वीस वर्षांचा संसार गुंडाळला आणि मायदेश गाठला.

क्षितिजा तेव्हा पाळण्यात होती. जर्मन मालकाच्या हावेपायी काका गेला, हे ऐकतच ती मोठी झाली.

"वादळाचा इशारा आला होता," साहेब म्हणाले. त्यांचं मराठी गंजलं होतं, पण अडत नव्हतं. "कॅप्टन नको म्हणत होता. मी म्हटलं, माल थांबणार नाही, तू नीघ. तुझा भाऊ माझ्यामुळे गेला, पद्माकर. हे तुला तोंडावर सांगायचं होतं. माफ कर असं म्हणत नाही मी."

क्षितिजाने डोळे पुसले आणि पर्स उचलली.

"चला तर मग, बाबा. सत्तावीस वर्षांनी का होईना, ऐकायचं ते ऐकलं."

पद्माकर उठला नाही.

"साहेब, निघायच्या आधी कॅप्टन माझ्याकडे आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, तळातलं पाणी उपसायचा पंप धड असेल तरच या हवेत निघतो. नाहीतर मालकाला सरळ नाही म्हणून सांगतो. मी म्हटलं, पंप ठणठणीत आहे."

"मग बरोबरच होतं ना," साहेब म्हणाले. "त्या आठवड्यात तूच तर तपासला होतास."

क्षितिजा दाराशी थांबली होती. पद्माकरने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मी तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता."