उभं राहण्याची शिस्त

सिस्टर प्रिस्का काठी टेकत सभागृहात आल्या आणि पन्नाशी गाठलेले चाळीस माजी विद्यार्थी ताडकन उभे राहिले. “गुड मॉर्निंग, सिस्टर,” सगळ्यांनी तोच जुना सूर लावला. तेवढी शिस्त अजून शाबूत होती.

मग भाषणं सुरू झाली. बिल्डर झालेला पराग मेहेंदळे माईकसमोर गहिवरला. “या कॉन्व्हेंटनं आम्हाला समता शिकवली, सेवा शिकवली.” बोलता बोलता त्यानं समोर आलेल्या ट्रेमधून चहाचा कप उचलला. ट्रे कुणाच्या हातात आहे, ते काही पाहिलं नाही.

ट्रे अंजिराबाईंच्या हातात होता. याच चाळीस जणांच्या बालवाडीतल्या ओल्या चड्ड्या बदलणाऱ्या, शाळेच्या आया. आता सत्तरीच्या. रांगेरांगेतून त्या फिरल्या. कुणी बिनसाखरेचा मागितला, कुणी उष्टा कप परत ठेवला. ‘मावशी, बसा’ म्हणायला मात्र एकाचीही जीभ वळली नाही.

सिस्टरांना राहवेना. आपली खुर्ची अंजिराबाईंना द्यावी म्हणून त्या व्यासपीठावर उठून उभ्या राहिल्या. त्याबरोबर चाळीसच्या चाळीस जण उठले. सिस्टर उभ्या राहिल्या की प्रार्थना, हे शाळेपासून अंगात मुरलेलं. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि दीनदुबळ्यांसाठी करुणा मागायला सुरुवात केली.

अंजिराबाई ट्रे धरून तशाच उभ्या.

“तो ट्रे द्या इकडे आणि बसा तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या. “आम्हीच शिकवलंय यांना. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.”