फडकंही नको

घरचे त्याला फौजदार म्हणत, कारण तो दूधवाल्याच्या मापावरही नजर ठेवायचा. बायकोला तिच्या मामांकडून मिळालेलं जुनं, काळवंडलेलं चित्र बघायला पारखी आला, तेव्हाही फौजदार त्याच्या पाठीमागेच उभा होता. पारख्याने भिंगातून चित्राचा कोपरान् कोपरा न्याहाळला आणि निघताना एवढंच म्हणाला, "वहिनी, रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. तोवर याला हात लावू नका. साधं फडकंही नको."

दार लागताच फौजदार पुटपुटला, "कुठंतरी पाणी मुरतंय. चित्र कळकट दिसलं की भाव पाडता येतो."

"अहो, त्याला त्यातलं कळतं."

"कळतं म्हणूनच तर!"

बायको बहिणीकडे राहायला गेली आणि याला रान मोकळं मिळालं. साबणाच्या पाण्याने त्याने चित्र खसाखसा पुसलं, भेगा रंगाने बुजवल्या, वरून चकचकीत वॉर्निश फासलं आणि नव्या सोनेरी चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं. चित्र कालच काढल्यासारखं झळकायला लागलं.

रविवारी बायको घरात शिरते न शिरते तोच पारखी गिऱ्हाइकाला घेऊन हजर झाला. दोघं चित्रासमोर येऊन थांबले. फौजदार मिशीतल्या मिशीत हसत होता.

पारख्याने हातातलं भिंग परत खिशात टाकलं. "नक्कल बरी केलीय. वहिनी, मामांचं चित्र कुठंय?"

बायकोने आधी भिंतीकडे पाहिलं, मग फौजदाराकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कुणाला विकलंत?"